उजवीकडचं काळीज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस ठाण्यात आला, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, म्या मेहुण्याला मारलं. मला आत घ्या."

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मिसळलेलं नाही. त्यातल्या माणसांची नावं मी लिहिणार नाही. त्यांच्यातलं एक माणूस यंदा गेलं, म्हणून लिहायला बसलो. हात सावकाश चालतो. एखाद्या दिवशी चार ओळी होतात आणि मी वही मिटून ठेवतो.

त्या वेळी मी सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडं सकाळी अपघात यायचे आणि दुपारी बांधाची भांडणं. आदल्या दिवशी पोळ्याचा बंदोबस्त झाला होता. वेशीत मानाचा बैल कुणाचा पुढं, यावरून दोन गावांत काठ्या निघता निघता राहिल्या होत्या. माणसं दमलेली होती. ठाण्याचे जमादार खुर्चीत बसून पायाला तेल चोळत होते. त्यांनी समोरच्या माणसाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोळ्याची उतरली न्हाय का अजून?"

"न्हाय जमादार. घोटभर बी घेतली न्हाय."

जमादारांनी उठून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. दारूचा वास नव्हता.

खोटी कबुली देणारी माणसं मी पाहिली आहेत. ती बोलताना आपल्या तोंडाकडं बघत राहतात. आपला विश्वास बसतो का, ते तपासत असतात. हा माणूस जमिनीकडं बघत होता. त्याच्या सदऱ्याच्या बाहीला रक्त लागलं होतं.

मी त्याला बसवलं आणि पाणी दिलं. जळकोटकडच्या एका गावचा शेतकरी, वय चाळिशीच्या आसपास. आमच्या भागात बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. पुढं सगळेच त्याला दाजी म्हणत राहिले, म्हणून मीही तेच लिहितो. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, सणाला आला होता. भांडण झालं ते एका बैलावरून.

हा बैल मेहुण्यानं स्वतःच्या गोठ्यात वासरापासून वाढवला होता आणि बहिणीच्या घरी आणून बांधला होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकून त्यांना तूप-हळद चोळतात. ते काम मेहुण्यानं हौसेनं मागून घेतलं. चोळताना जुवाखालची सूज त्याच्या हाताला लागली. सण होता, म्हणून तो गप्प राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेला तर दाजी तोच बैल तण काढायच्या कोळप्याला जुंपत होते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग त्यानं कासरा धरला. म्हणला, माझा बैल म्या घरी नेतो. म्या म्हणलं, दिलेला बैल तुझा कसा? त्यो म्हणला..." इथं दाजी थांबले. "म्हणला, तुमच्याच्यानं मुकं जनावर संभाळंना, माझी बहीण काय संभाळता?"

"आणि तुम्ही ढकललं."

"व्हय. त्यो उताणा पडला. खाली बांधाचा दगुड."

आता चौकशीतला नेहमीचा प्रश्न. माणूस मेला हे सांगणाऱ्याला तो विचारावाच लागतो. "मेला, हे कशावरून ओळखलं?"

"हाका मारल्या. तोंडावर पाणी मारलं. मंग सदऱ्याच्या गुंड्या काढून कान लावला."

"कुठं?"

दाजींनी स्वतःचा तळवा उचलून छातीच्या डाव्या बाजूला ठेवला. "हितं. कायच न्हाय साहेब. नुसतं वारं."

आम्ही जीप काढली. त्यांच्या रानाची एक कड महामार्गाला लागून आहे. बांधावर दगड होता, दगडावर रक्त होतं. थोड्या अंतरावर लिंबाचं झाड, त्याच्या सावलीत एक टॉवेल पसरलेला. दाजींनी दुरूनच तिकडं बोट केलं आणि पाठ फिरवली. जमादार पुढं गेले. त्यांनी काठीच्या टोकानं टॉवेल उचलला, खाली बघितलं, परत उचलला.

"साहेब, टॉवेल हाय. मयत न्हाय."

दाजी वळले, पळत आले आणि तिथंच खाली बसले. "हितंच ठिवलं हुतं. उनात नगं म्हणून सावलीला वढून आणलं. तोंडावर टॉवेल बी म्याच टाकला."

मी पंचांना बोलावणं पाठवलं. तेवढ्यात गवतात फोन वाजायला लागला. मेहुण्याचा फोन तिथंच पडला होता. काचेवर 'अक्का' असं नाव दिसत होतं. तो वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. जमादार माझ्याकडं बघायला लागले. मी हातरुमालात धरून उचलला.

"काय रं, पोळ्या गार झाल्या की. दाजीला घिऊन येतूस का मी यिऊ काठी घिऊन?"

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"हालो? कोण बोलतंय?"

नोकरीत वाईट बातम्या पुष्कळ दिल्या. समोर पोळ्या वाढून बसलेल्या बाईला फोनवर दिलेली ती एकच.

दुपारपर्यंत मेहुण्याच्या गावाहून ट्रॅक्टर भरून भावकी आली. त्याची आई होती, चुलता होता. चुलता मोठ्या आवाजाचा माणूस. "मयत द्या," तो म्हणाला, "न्हायतर ह्याला आमच्या हवाली करा." शेजारची विहीर मोटार लावून उपसली. निघाला तो गाळ आणि एक जुनी बादली. धाराशिवहून श्वान पथक मागवलं. कुत्र्यानं लिंबाखाली वास घेतला, सरळ रान कापत महामार्गाच्या कडेला गेलं आणि तिथं बसलं. त्यापुढं ते हलेना.

"बघा!" चुलता म्हणाला. "गाडीत घालून न्हेलं. एकट्याचं काम न्हाय हे. कोण कोण हुतं, इचारा त्याला."

जमादारांनाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. चुलत्याच्या फिर्यादीवरून खुनाचा गुन्हा दाखल झाला. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं; पण रक्त होतं, भांडण होतं, कुत्र्याचा माग होता. दुसऱ्या दिवशी आरोपीला न्यायाधीशांपुढं उभं करायचं होतं. मी दाजींना परत परत विचारलं.

"कुणाची गाडी होती?"

"कंची गाडी? म्या चालत आलो की ठाण्यात."

"मग मयत कुठं गेलं?"

"तेच म्या तुमाला इचारतोय साहेब. लांडग्या-कोल्ह्यानं न्हेलं का? आधी त्येला शोधा. मला काय करायचं ते मागनं करा."

ताटात भाकरी दिली तर त्यांनी हात लावला नाही.

आवारात एका बाजूला पिंपळाच्या पारावर मेहुण्याची भावकी बसली होती. दुसऱ्या बाजूला भिंतीजवळ दाजींची म्हातारी आई आणि दोन शेजारी. बहीण आली ती यातल्या कुणाकडंच गेली नाही. ठाण्याच्या पायरीवर मधोमध बसली. तिच्या आईनं हाक मारली, "हिकडं ये गं माझ्यापाशी." सासू नुसती सरकून जागा करत होती. बहीण जागची उठली नाही.

"कुटं बी बसले तरी माझंच मेलंय," ती म्हणाली. "बसू द्या मला हितंच."

मी दारातून ऐकलं. भाऊ गेला असेल तर गेलाच. आणि मी माझं काम नीट केलं तर नवराही जाणार होता. हे काम मी नीट करणारच होतो. त्या पायरीवरून आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी तिला वळसा घालावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ढाबेवाल्याचा फोन आला. हा माणूस अधूनमधून खबर द्यायचा आणि दर वेळी सुरुवात एकाच वाक्यानं करायचा.

"साहेब, माझं नाव कुटं यिऊ देऊ नका."

"नाही येणार. बोल."

"काल सकाळी एक टेम्पोवाला पानी मागाया थांबला हुता. मागं एक मानूस निजवल्याला, डोस्कं फुटल्यालं. म्हणला, हायवेच्या कडंला पडला हुता, कुनीतरी ठोकून गेलं दिसतंय. उमरग्याला न्हेतो म्हणला. आता खुनाचं कानावर आलं, म्हणून म्हणलं सांगावं."

"जिवंत होता?"

"कण्हत हुता की."

मी जमादारांना सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि अगदी खात्रीनं म्हणाले, "मंग त्यो आपला न्हाय, साहेब. आपला मेलेला हाय."

जमादारांना मी कधी हसलो नाही. तोवर आम्ही सगळेच तसं धरून चाललो होतो. विहीर उपसली, ओढा पाहिला, उसाचे फड पाहिले. कुठल्या दवाखान्यात काही विचारलं नव्हतं. प्रेत शोधायला निघालेला माणूस दवाखान्यात जात नाही. आणि मेला म्हणून सांगणारा स्वतः मारणाराच होता. त्याच्यावर अविश्वास कोण ठेवणार?

तरी उमरग्याला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की असा एक अनोळखी इसम आहे, अपघाताचा म्हणून नोंद आहे, डोक्याला मार आहे, चेहरा सुजलेला, अजून नीट बोलत नाही. पण धोका टळला आहे. मी वर्णन विचारलं. अंगकाठी, रंग, कपडे. आमच्या भागातल्या निम्म्या माणसांना लागू पडेल असं ते वर्णन. मी फोन ठेवणार होतो. डॉक्टर बोलायच्या उत्साहात होते.

"साहेब, पेशंट मात्र पाहण्यासारखा आहे हं. छातीचा एक्स-रे काढला तर आमच्या तंत्रज्ञाला वाटलं, आपणच फिल्म उलटी लावली. त्यानं पुन्हा काढला. तेच. ह्या माणसाचं हृदय उजवीकडं आहे. जन्मापासून. नुसतं हृदयच नाही, यकृतही डावीकडं. सगळा माणूस आरशात बघावा तसा."

माझ्या डोळ्यांपुढं दाजींचा तळवा आला. स्वतःच्या छातीवर, डाव्या बाजूला ठेवलेला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "अशा बेशुद्ध माणसाच्या डाव्या छातीला कुणी कान लावला, तर काय ऐकू येईल?"

"शांत खोलीत, सवय असलेल्याला, काहीतरी लागेल. पण रानात म्हणत असाल, वारं असेल, श्वास मंद चालला असेल आणि ऐकणारा घाबरलेला असेल तर... गेला, असंच वाटेल."

मी पारावरच्या कुणाला काही सांगितलं नाही. आशा चुकीची निघाली तर ती परत घेता येत नाही. पायरीवर जाऊन बहिणीला एवढंच म्हणालो, "ताई, उमरग्याला एक माणूस बघायचा आहे. ओळख पटते का बघा. पटेलच असं नाही." तिनं पदर खोचला आणि जीपमध्ये बसली. एक महिला शिपाई बरोबर घेतली. वाटेत बहीण एकदाच बोलली. "मयत असंल तर आधीच सांगा, म्हंजी मी उतरतानी पडनार न्हाय."

"मयत नाही," मी म्हणालो. याहून जास्त म्हणायची मला हिंमत झाली नाही.

खाटेवरच्या माणसाचा चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. एक डोळा बंद, ओठ फुगलेला, डोक्याला पट्ट्या. ती पायथ्याशी उभी राहिली. मग जवळ जाऊन वाकली.

"बाळा, म्या अक्का हाय."

उघडा डोळा हलला. बऱ्याच वेळानं आवाज निघाला. "अक्का... जुपला का त्यानं बैल?"

तिनं त्याच्या मनगटावर एक चापट मारली. "मराया टेकलास तरी बैलच! बैलच!" आणि खाटेची कड धरून रडायला लागली. महिला शिपाईही रडत होती. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो.

डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं. तिचा हात धरून त्याच्या छातीवर उजवीकडं ठेवला. ती तसाच हात ठेवून उभी राहिली. मग माझ्याकडं वळली. "साहेब, आधी ह्यांना कळवा. माझ्या आईला मागनं सांगा. आधी ह्यांना."

मी ठाण्यात फोन करून जमादारांना सांगितलं. थोड्या वेळानं त्यांचाच उलट फोन आला. "साहेब, त्यो इस्वास ठिवंना. म्हणतोय, जमादार, मला भाकरी चारायला खोटं बोलू नका."

तेव्हा बंदोबस्तात दाजींना उमरग्याला आणवलं. चुलता आणि मेहुण्याची आई ट्रॅक्टर सोडून दुसऱ्या गाडीनं मागून आली. दाजी दाराशी आले आणि तिथंच थांबले. आत पाऊल टाकेनात. खाटेवरून आवाज आला, अजून तुटक होता, पण शब्द कळत होते.

"या की दाजी. भूत न्हाय म्या."

दाजींनी दाराची चौकट धरली.

"उठलो तर तोंडावर टॉवेल," मेहुणा बहिणीला सांगायला लागला. "मला वाटलं, माशा बसू नयेत म्हणून टाकला. म्हणलं, मानसाला एवढं जपतोय, बैलाला का न्हाय जपत?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. दाजी पुढं आले, गुडघ्यावर बसले आणि सवयीनं त्याच्या डाव्या छातीला कान लावायला वाकले. मेहुण्यानं त्यांच्या डोक्याला हात लावून ते पलीकडं ढकललं.

"तकडं न्हाय. हिकडं. डाक्टर म्हनत्येत, माझं घर उलटं बांधलंय."

दाजी ऐकत राहिले. चुलत्यानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. शेवटी काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणाला, "काळीज उलट्या अंगाला हाय, म्हणूनच मानसं सोडून बैलासाठी भांडतंय." यावर मेहुण्याची आईसुद्धा हसली. डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, लहानपणी कधी कळलं नाही का?"

"म्या कवा ऐकलं काळीज? पोट भरलं का न्हाय तेवढं बघितलं. पाच लेकरं हुती."

पुढचं काम कागदांचं. शुद्धीवर येऊन मेहुणा आपल्या पायानं रस्त्यापर्यंत गेला आणि तिथं पुन्हा पडला, हा खरा प्रकार न्यायाधीशांना कळवला. मेहुण्यानं जबाब दिला, कासऱ्याची ओढाताण चालली होती, त्यात आपला पाय निसटला. मी तो जसाच्या तसा लिहून घेतला. चुलत्यानं आपली फिर्याद चुकीच्या समजुतीनं दिल्याचं सांगितलं. रागानं तोंड फिरवून सांगितलं, पण सांगितलं. त्या हंगामात त्या बैलावर कुणी जू ठेवलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगतो. पहिली कामाची. मेला म्हणून वर्दी आली की मी पुढची सगळी वर्षं आधी दवाखान्यांना फोन लावायचो, मग विहिरींकडं माणसं पाठवायचो. नव्या पोरांनाही तेच सांगितलं. दुसरी गोष्ट माणसांची. ज्यानं रागात ढकललं त्यानंच सदऱ्याच्या गुंड्या एकेक करून काढल्या, ऊन लागू नये म्हणून सावलीत ओढलं, तोंड झाकलं आणि पळून न जाता ठाण्यात चालत आला. गुन्ह्याच्या कागदात यातलं ढकलणं तेवढं येतं. बाकीचं तपास करणाऱ्यानं स्वतः लक्षात ठेवावं लागतं.

निवृत्त होऊन मी धाराशिवला राहायला आलो. ते दोघं हुरड्याच्या दिवसांत यायचे, एका मोटारसायकलवर, दाजी पुढं आणि मेहुणा मागं. आल्यावर घरातल्या पाहुण्यांना कान लावायला लावायचा, हा मेहुण्याचा ठरलेला खेळ. लोक डावीकडं कान लावायचे, गोंधळायचे. मग दाजी त्यांचं डोकं धरून पलीकडं करायचे. माझी बायको होती तेव्हा तिलाही त्यानं सोडलं नाही. ती शाळेत शिकवायची, तिनं गंभीरपणे दोन्हीकडं ऐकलं आणि म्हणाली, "भाऊ, इकडं तर कुणीच घरी नाही." तो किती हसला होता.

यंदाच्या थंडीत मेहुण्याला न्यूमोनिया झाला. तो तेव्हा बहिणीकडंच होता. दाजींचा फोन आला, "साहेब, जमलं तर या." मी पोचलो तेव्हा गावाजवळचे एक तरुण डॉक्टर घरी आलेले होते. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, किंवा त्या गडबडीत सांगायचं राहिलं होतं. त्यांनी नळी डावीकडं ठेवली. दाजींनी त्यांचं मनगट धरलं आणि हात उजवीकडं नेला. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. मग नळी कानांतून काढून गळ्यात अडकवली आणि दाजींकडं बघून मान हलवली.

"थांबा," दाजी म्हणाले. "मला बघू द्या."

ते वाकले आणि त्यांनी उजवीकडं कान लावला. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही. बाहेर माणसं जमत होती. खूप वेळानं बहिणीनं त्यांच्या खांद्याखाली हात घातला. "उठा आता," ती म्हणाली. "न्हाय त्यो." ते उठले.

मेहुण्याचं रान आता त्याचा मुलगा करतो. दाजी आणि ती, दोघं त्यांच्या गावी असतात. मी अधूनमधून जाऊन त्यांच्यापाशी बसतो.